नावानिशी दान

देवळाच्या पायरीवर, पाणपोईवर, स्टँडातल्या बाकड्यावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. लोक तिला हसतात. तिचं मूळ मात्र छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात इसवी सनाच्याही मागे जातं.

कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्याला पैठणच्या मितदेव नावाच्या अत्तरवाल्याच्या कुळाने एक खांब दिला आणि तसं खांबावरच कोरून घेतलं. अख्खं लेणं नव्हे, एक खांब! वर्गणीची पावतीच ती. तिथल्याच एका यक्षाच्या हातावर तो घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचं नाव आहे; देणाऱ्याइतकीच करणाऱ्यालाही नावाची हौस. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात दर्शनी कमान वासिष्ठीपुत्र कटहादीने दिल्याचा लेख आहे.

पाचव्या शतकात अजिंठ्याच्या अशा लेखांना एक शेपूट जोडलेलं दिसतं. मूर्ती देणाऱ्या भिक्षूचं नाव येतं आणि लगेच म्हटलेलं असतं, की यातलं पुण्य आईवडिलांपासून साऱ्या प्राणिमात्रांना ज्ञानप्राप्तीसाठी मिळो. नाव राखून ठेवायचं, पुण्य वाटून टाकायचं. सव्विसाव्या लेण्यातला भिक्षू बुद्धभद्र तर आडपडदाच ठेवत नाही. अश्मक राज्याचा मंत्री भव्विराज आणि आईवडील यांच्यासाठी त्याने हे लेणं करवलं. जगात आठवण ताजी असेतोवर माणूस स्वर्गात सुखाने राहतो, तेव्हा चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असं स्मारक डोंगरात करावं, हा त्याचा रोखठोक हिशेब.

त्याच्या चारशे वर्षं आधी रोममध्ये तत्त्वज्ञ सेनेकाही (मृत्यू इ.स. ६५) नाव राखायचं आणि बाकीचं वाटायचं याच पेचात होता. स्वतः स्टोइक पंथाचा, पण मित्र ल्युसिलियसला लिहिलेल्या पत्रांत एपिक्युरस या विरोधी पंथाच्या गुरूची वचनं बिनदिक्कत वापरायचा. जे खरं ते माझंच, उत्तम विचार सगळ्यांच्या सामाईक मालकीचे, असं वर सुनवायचा. त्याच पत्रांत मित्राला शब्दही देऊन ठेवला: माझ्याबरोबर तुझंही नाव राहील. राहिलं! विचारांवर हक्क नको म्हणणाऱ्यालाही नावाचा लोभ सुटला नाही, आणि मला तो त्यामुळेच जवळचा वाटतो.

अजिंठ्याच्या त्याच दहाव्या लेण्यात आणखी एक नाव आहे. मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने इथे आला आणि खांबावरच्या चित्रावर स्वतःचं नाव व २८ एप्रिल १८१९ ही तारीख ओरखडून गेला. तेव्हा लेण्यात ढिगारा साचला होता, त्यावर उभं राहून कोरलेलं ते नाव आज डोक्याच्या वर येतं. त्याने दिलं काहीच नाही, उलट चित्र खराब केलं. तरी पर्यटक विचारत येतात ते त्याच्याच नावाला; कटहादीची कमान सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते आणि तिच्याखालून सगळे आत जातात.