मोटरसायकलवरचा सॅटेलाइट रेडिओ

१. 'वर्ल्डस्पेस' या सॅटेलाइट रेडिओ सेवेचा एशियास्टार उपग्रह मार्च २००० मध्ये सुटला. तो १०५ अंश पूर्व रेखांशावर होता. म्हणजे वर्ध्याहून आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५० अंश वर. रेडिओ संचाची अँटेना नेमकी तिकडेच रोखावी लागे. घराच्या खिडकीत ते जमे. पण वर्धा–सेलू रस्त्यावर मोटरसायकल वळली की 'वर्ल्डस्पेस'च्या 'गंधर्व' या अभिजात संगीताच्या वाहिनीवरचा राग मध्येच तुटे. अमेरिकेतल्या सॅटेलाइट रेडिओची अँटेना दिशा न साधताही चाले, शिवाय शहरांत जमिनीवरचे मनोरे संदेश पुढे देत. म्हणून तिथल्या होंडा गोल्ड विंगवर तो शोभला. 'वर्ल्डस्पेस'ची भारतातली सेवा ३१ डिसेंबर २००९ रोजी बंद झाली. अभिजात संगीताच्या श्रोत्यांचे ते मोठेच नुकसान. जुना संच हाती आला तरी वाचकांनी तो गाडीवर बसवण्याचा खर्च करू नये. त्यावर आता काहीही लागत नाही. – संपादक