दमास्कसची तलवार, दख्खनचे पोलाद

'पोलाद' हा शब्द मराठीत फारसीतून आला. शब्द तिकडून आला, पण ज्या पोलादाने तिकडच्या तलवारींना कीर्ती मिळवून दिली, त्याचा मोठा साठा इकडून गेला. तलवार आणि मुसलमान यांची सांगड घालणाऱ्यांना ही देवाणघेवाण सहसा ठाऊक नसते.

नवव्या शतकात अल-किंदी या तत्त्वज्ञाने अब्बासी खलिफा मुअतसिम याच्यासाठी तलवारींवर एक ग्रंथ लिहिला. त्यात शौर्याच्या कथा नाहीत. लोखंडाची प्रतवारी आहे. पात्यावरच्या पाण्यासारख्या लहरींना अरबीत 'फिरिंद' म्हणत. सरंदीब म्हणजे श्रीलंकेहून येणाऱ्या पोलादाचीही त्यात नोंद आहे.

हे पोलाद दक्षिण भारतातही होई. तेलंगणातले कोनासमुद्रम हे त्याचे नामांकित केंद्र. कारागीर मातीच्या मुशीत लोखंड आणि वनस्पतीजन्य पदार्थ घालून ती बंद करत, दीर्घकाळ तापवत आणि सावकाश थंड होऊ देत. लोखंड कार्बन शोषून घेई आणि पोलादाची वडी तयार होई. 19व्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री व्हॉयसी हा इंग्रज तिथे गेला, तेव्हा त्याला पोलाद खरेदीसाठी आलेला इस्फहानचा व्यापारी भेटला.

त्या लहरींचे रहस्य धातूच्या आत होते. या पोलादात कार्बन साधारण दीड टक्का असतो. एवढ्या कार्बनमुळे कणांच्या सीमांवर लोह-कार्बाइडचे कडक, ठिसूळ जाळे तयार होते. लोहार मध्यम आचेवर पुन्हा पुन्हा तापवून ठोकत. त्याने जाळे तुटून बारीक गोलसर कण होत आणि ते थरांत मांडले जात. कडक कणांमुळे धार टिके, भोवतालच्या तुलनेने मऊ धातूमुळे पाते सहज मोडत नसे. आच फार वाढवली की ही रचनाच विरघळून जाई.

1790च्या दशकात मुंबईचे डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढे मायकेल फॅरडेनेही त्याचे पृथक्करण केले, पण उकल झाली नाही. 1998मध्ये जॉन व्हरहोवन हे धातुशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड पेंड्रे हे लोहार यांनी दाखवून दिले की व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांच्या अत्यल्प अंशामुळे हे कण थरांत बसतात. तशा खनिजाचा पुरवठा थांबला आणि तीच रीत वापरूनही लहरी उमटेनाशा झाल्या, असे त्यांचे अनुमान आहे. त्यात युरोपातले कारखान्याचे स्वस्त पोलाद आले आणि भट्ट्या विझल्या.

तापलेले पाते गुलामाच्या शरीरात खुपसून थंड करत, ही दंतकथा मात्र टिकली. क्रौर्याची गोष्ट लक्षात राहिली, कारागिरी विसरली गेली.

आपल्यातले काही जण या तलवारीला केवळ इस्लामी वैभव म्हणून मिरवतात, तर काही जण तिला निव्वळ प्राचीन भारताची ठरवतात. तेलुगू मुलखातला भट्टीवाला, इस्फहानचा व्यापारी आणि इराणी लोहार यांपैकी एकालाही वगळले, तर त्या लहरी उमटत नाहीत.