रेव्हरंड टिळकांचा संसार आणि आपला कुलवृत्तांत

इसवी सन १९०७ मध्ये जळगाव मुक्कामी पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले, ही गोष्ट आपणां खानदेशवासीयांस अभिमानाची आहे. अध्यक्षस्थानी कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. धरणगावी जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने तेथे आपली कविता म्हटली आणि डॉ. कीर्तिकरांनी त्यास 'बालकवी' ही पदवी दिली. एवढे आपणांपैकी बहुतेकांनी शाळेत वाचलेले असते. परंतु त्या संमेलनास आलेल्या मंडळींत एक ख्रिस्ती रेव्हरंड होते, आणि पुढे त्यांनीच या हिंदू मुलास अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, आपल्या घरी पोटच्या पोराप्रमाणे ठेवून घेतले, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते गृहस्थ म्हणजे नारायण वामन टिळक.

या टिळकांच्या काव्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्यांचे काव्य नसून त्यांचा संसार आहे. कारण आपल्या ज्ञातीतील मुले-मुली आता शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुणे, मुंबई, बंगळुरू येथे जातात, परदेशीही जातात, आणि त्यांपैकी काहींनी ख्रिस्ती कुटुंबांशी सोयरीक जोडली आहे. अशा घरांविषयी चार लोकांत कुजबुज होते, पण उघड विचार होत नाही. ज्यास हा विचार करावयाचा आहे, त्याने एकशे तीस वर्षांपूर्वीच्या या एका घराची हकीकत आधी नीट समजून घ्यावी, असे मला वाटते.

लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ सालचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. माहेर नाशिकजवळील जलालपूर. १८५७ च्या बंडाच्या प्रकरणात त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे जबर वेड लागले. मीठ-साखरेसारख्या वस्तूंनाही पाणी लागल्यावाचून त्या घरात शिरकाव मिळत नसे. अशा घरातील ही मुलगी अकरा-बारा वर्षांची असताना टिळकांच्या घरी आली. टिळक बुद्धिमान, उदार आणि कमालीचे अस्थिर. एका गावी नोकरी धरावी, दुसऱ्या गावी सोडावी, हातचा पैसा समोर येईल त्यास देऊन टाकावा, असा खाक्या. बाईंनी पदरी पडले ते पवित्र मानून संसार केला.

१८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात टिळकांची एका युरोपियन प्रवाशाशी गाठ पडली. त्याने त्यांस बायबलच्या नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीस त्यांनी आधी विश्वासात घेतले नाही. बातमी तिला इतरांकडून कळली.

धर्म कोणता खरा, हा प्रश्न मी येथे घेत नाही. तो ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा आहे. परंतु ज्या स्त्रीचे अन्न, पाणी, देव, सण आणि नातीगोती ही सर्व नवऱ्याच्या धर्माशी बांधलेली होती, तिला न सांगता हे पाऊल टाकणे हा अन्याय होता, असे टिळकांविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हटले पाहिजे. सत्याचा शोध घेणारा मनुष्यही घरच्या माणसांस गृहीत धरतो, याचे हे उदाहरण आहे.

त्या काळी अशा प्रसंगी ज्ञाती काय करीत असे, हे आजच्या पिढीस ठाऊक नसते. 'घटस्फोट' हा शब्द आपण आता नवरा-बायकोच्या काडीमोडीसाठी वापरतो. मूळ धर्मशास्त्रात घटस्फोट हा बहिष्काराचा विधी आहे. पतित झालेल्या माणसाचे आप्त एकत्र जमत, तो मेला असे मानून त्याच्या नावाने पाणी सोडीत, आणि दासीकडून पाण्याने भरलेला घट लाथेने उलथून टाकवीत. जिवंत माणसाचे उत्तरकार्यच ते! विधीत उलथावयाचा तो पाण्याचा घट, पोथी नव्हे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. निरनिराळ्या धर्मांची माणसे तत्त्वज्ञानावर फारशी भांडत नाहीत. ती माजघरात, पिण्याच्या पाण्याच्या हंड्यापाशी भांडतात.

सरकारी कायद्याने दुसराही एक मार्ग खुला ठेवला होता. १८६६ च्या एकविसाव्या कायद्यान्वये, ख्रिस्ती झालेल्या पुरुषाची बायको धर्मभेदामुळे सलग सहा महिने त्याजकडे नांदावयास येत नसेल, तर त्यास न्यायालयात जाता येत असे. न्यायाधीश तिला समक्ष विचारी, एक वर्षाची मुदत देई, आणि तरीही ती नकार देती तर विवाह मोडून दोघांसही पुन्हा लग्न करण्याची मोकळीक मिळे. म्हणजे टिळकांस दीड-दोन वर्षांत नवा संसार थाटता आला असता. त्यांनी तसे केले नाही. ते वाट पाहत राहिले, पत्रे पाठवीत राहिले, कविता पाठवीत राहिले.

इकडे लक्ष्मीबाई दत्तू नावाच्या लहान मुलास घेऊन बहिणीच्या आश्रयास होत्या. बहीण भिकू आणि मेहुणे नाना पेंडसे यांनी त्यांस पंढरपुरास आपल्या घरी सांभाळले. या नाना पेंडशांचे नाव आपल्या घराघरांत ठाऊक असावयास हवे होते. धर्म सोडून गेलेल्या साडूच्या बायको-मुलाचा भार घेणे ही त्या काळी केवळ पैशाची बाब नव्हती. लोकांचे बोलणेही सोसावे लागे. त्यांनी मेहुणीस नवऱ्याकडे जा म्हणून ढकलले नाही आणि जाऊ नकोस म्हणून डांबूनही ठेवले नाही. लक्ष्मीबाई त्या दिवसांत आजारी पडल्या, मनाने पार खचल्या, आणि त्याच दिवसांत स्वतः कविता करू लागल्या.

पुढे चार-पाच वर्षांनी पति-पत्नी एकत्र आली, ती एका करारावर: बाईंचा धर्म बाईंकडे, टिळकांचा टिळकांकडे. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. एकाच संसारात दोन चुली! हे वाचून आज आपणांस हसू येईल. पण मला विचाराल तर त्या दोन चुलींनीच तो संसार वाचविला. टिळकांनी वेगळ्या चुलीबद्दल पत्नीवर जबरी केली नाही. बाईंनीही नवऱ्याच्या प्रार्थनेस आडकाठी केली नाही. मग हळूहळू बाई आपल्याशीच विचार करू लागल्या, की हे जातीचे भेद देवाने घातले की माणसाने. उत्तर त्यांचे त्यांनाच मिळाले आणि त्यांनी शिवाशीव सोडली. त्यानंतर १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. क्रम पाहण्यासारखा आहे. आधी पाण्याचा प्रश्न सुटला, धर्माचा मागाहून.

येथे कोणी वाचक म्हणेल, की शेवटी बायकोच ख्रिस्ती झाली, मग यात समेट कसला? शंका रास्त आहे. आपल्याकडील बहुतेक आई-वडिलांची भीती नेमकी हीच असते. पण त्याच घरात पुढे धरणगावचा ठोंबरे राहिला, तो हिंदू म्हणून आला आणि ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनात आगगाडीखाली त्याचा करुण अंत झाला तोपर्यंत हिंदूच होता. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात ठोंबऱ्याविषयी जी माया आहे, ती धर्म पाहून केलेली नाही. टिळक स्वतः अभंगांच्या चालीवर ख्रिस्ताची भजने रचीत, कीर्तने करीत, आणि तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्यांनी आडनाव बदलले नाही, भाषा बदलली नाही. ९ मे १९१९ रोजी ते वारले.

खानदेशात ख्रिस्ती लोक नवे नाहीत. भुसावळच्या रेल्वेमुळे गोव्याकडील आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव भागात अलायन्स मिशनने आणि पश्चिमेस नवापूर-नंदुरबारकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने काम केले. चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात उपचार घेतलेली माणसे आपल्याही घरांत सापडतील. औषध घेण्यास कोणाची हरकत नव्हती. सोयरीक म्हटली की हंडा आठवतो.

आता आजच्या व्यवहाराकडे वळू. काही घरांत असे झाले, की मुलाने ख्रिस्ती मुलगी पसंत केली, वडिलांनी नाइलाजाने होकार दिला, मंगल कार्यालयात मंगलाष्टके होऊन लग्न लागले, आणि सर्वांस वाटले की काम झाले. हा मोठा गैरसमज आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे वधू-वर दोघेही हिंदू असावे लागतात. एक पक्ष ख्रिस्ती राहिला असेल तर त्या कायद्याखाली तो विवाह वैध होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला आहे. दोघांनी आपापला धर्म ठेवून लग्न करावयाचे, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी करावी. त्यात तीस दिवसांची नोटीस लागते. पूर्वीचा १८७२ चा कायदा याहून कठीण होता. त्यात वधू-वरांस आपण हिंदूही नाही आणि ख्रिस्तीही नाही, असे लिहून द्यावे लागे. लग्नासाठी दोघांनीही आपला धर्म नाकारावयाचा! स्वतंत्र भारताने ही अट काढून टाकली, हे चांगले झाले.

ज्यांची केळीची बागायत आणि घरे एकत्र नावावर आहेत, त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अविभक्त हिंदू कुटुंबातील व्यक्तीने ख्रिस्ती व्यक्तीशी १९५४ च्या कायद्याने विवाह केला, की कलम १९ अन्वये ती त्या कुटुंबातून विभक्त झाली असे धरले जाते, आणि तिचा वारसा १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने चालतो. विभक्त होणे म्हणजे हक्क बुडणे नव्हे. पण हे माहीत नसल्यामुळे भाऊ-भाऊ कोर्टाच्या पायऱ्या चढतात आणि दोष बिचाऱ्या सुनेच्या धर्मास लागतो. वकिलास लग्नापूर्वी विचारावे, भांडणानंतर नव्हे.

मुलीकडचे कॅथलिक असतील तर त्यांच्या बाजूचीही अडचण आपण समजून घ्यावी. त्यांच्या चर्चच्या नियमाप्रमाणे बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह करण्यास बिशपांची सवलत मिळवावी लागते. त्यासाठी कॅथलिक पक्षाने मुलांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून आपल्याकडून शक्य तेवढे करीन, असे वचन द्यावयाचे असते. पूर्वी दुसऱ्या पक्षाकडूनही हमी घेत. १९७० पासून त्यास केवळ त्या वचनाची माहिती द्यावयाची असते. आपल्याकडील वडीलधारी मंडळी या कागदाचे नाव ऐकूनच बिथरतात. परंतु नातवाच्या बारशाची तिथी आपणही आधीपासून मनात धरून बसलेलो असतोच की! विहिणीस जी चिंता, तीच आपणांस. दोन्ही घरांनी हा विषय साखरपुड्यापूर्वी समोरासमोर बसून बोलावा. टिळकांनी घरात जे बोलावयाचे टाळले, त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी पाच वर्षे मोजली.

राहता राहिला आपल्या मंडळाचा प्रश्न, आणि या लेखाचे निमित्तही तेच आहे. आपला कुलवृत्तांत चाळताना काही घराण्यांत मुलामागून मुलाची नोंद नीट येते आणि मध्येच एखाद्या मुलीपुढे किंवा मुलापुढे रेघ येते. विवाह कोठे, कोणाशी, अपत्ये किती, काही नाही. ती व्यक्ती हयात आहे, आई-वडिलांस दरमहा पैसे पाठविते, दिवाळीस येते, आणि छापील पुस्तकात मात्र नाही. हा घट उलथण्याचाच छापील प्रकार होय. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ज्या धुळ्यास ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला, आणि जेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्यांचे दप्तर सांभाळते, तेथील माणसांनी तरी वंशावळीत हेतुपुरस्सर गाळलेल्या ओळी ठेवू नयेत. आवडले नाही म्हणून नाव गाळले, तर पुढच्या संशोधकाने तो कागद विश्वासाचा कसा मानावा?

याकरिता कार्यकारिणीस माझी नम्र सूचना अशी, की पुढील आवृत्तीच्या वेळी सर्व कुटुंबांकडून नव्याने माहिती मागवावी आणि आंतरधर्मीय विवाहांची नोंदही इतर विवाहांप्रमाणेच घ्यावी. सुनेचे वा जावयाचे नाव ती व्यक्ती स्वतः जसे लिहिते तसेच छापावे. मारिया असेल तर मारिया, जोसेफ असेल तर जोसेफ. माहेरचे आडनाव व गाव लिहावे. धर्माचा वेगळा रकाना नसावा, कारण तो आजवर कोणाच्याच नावापुढे नव्हता. ज्या आई-वडिलांस ही नोंद नको असेल त्यांच्या मताचा मान ठेवावा, पण तत्पूर्वी त्या मुला-मुलीस एक पत्र टाकून विचारावे. पत्ते मिळविण्याचे काम जळगाव व धुळे येथील स्थानिक शाखांनी वाटून घेतल्यास एका उन्हाळ्यात होण्यासारखे आहे. टिळकांचा दत्तू मोठेपणी लेखक झाला. आई-वडिलांचे वाङ्मय त्याने जपले. पुस्तकांवर त्याचे नाव देवदत्त नारायण टिळक असेच छापलेले आहे.