वर्गणीविना ऑफलाइन संगीतश्रवण

वर्गणीविना ऑफलाइन संगीतश्रवण म्हणजे स्ट्रीमिंग संगीतसेवेची मासिक वा वार्षिक वर्गणी न भरता, आंतरजालाची जोडणी नसताना संगीत ऐकणे होय. प्रवासात, डोंगराळ वा दुर्गम भागात, तसेच मोबाइलचा डेटा मर्यादित असताना अशा श्रवणाची गरज भासते. बहुतेक संगीतसेवांनी गाणी डाउनलोड करण्याची सोय सशुल्क ग्राहकांपुरती राखून ठेवलेली आहे. त्यामुळे वर्गणी न भरणाऱ्या श्रोत्यापुढे कोणते वैध मार्ग उरतात, हा तंत्रज्ञानाचा तसाच कायद्याचाही प्रश्न ठरतो.

या विषयात दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. संगीतसेवेच्या ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेले गाणे ही श्रोत्याच्या मालकीची प्रत नसते. वर्गणी चालू असेपर्यंत मिळालेली ती ऐकण्याची परवानगी असते. याउलट विकत घेतलेली ध्वनिमुद्रिका, कॉम्पॅक्ट डिस्क किंवा कुलूपविरहित ध्वनिफाइल ही कायम टिकणारी प्रत असते.

पूर्वपीठिका

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाचा मोठा भाग आंतरजालाविना श्रवणाचाच आहे. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रणास १९०२ साली कलकत्ता येथे आरंभ झाला. गौहर जान या गायिकेच्या तबकड्या त्या पहिल्या मुद्रणांपैकी होत. पुढे लाखेच्या तबकड्या, दीर्घकाळ चालणाऱ्या ध्वनिमुद्रिका, १९८० च्या दशकात घरोघरी पोहोचलेल्या कॅसेट आणि त्यानंतर कॉम्पॅक्ट डिस्क अशी साधने बदलत गेली. या सर्वांत एक बाब समान होती : एकदा पैसे मोजले की प्रत ग्राहकाची होत असे. ती कितीही वेळा ऐकता येई, दुसऱ्यास देता येई किंवा जुन्या बाजारात विकता येई.

एमपी३ या स्वरूपामुळे ध्वनिफाइलचा आकार बराच लहान झाला आणि १९९९ साली सुरू झालेल्या नॅपस्टर या सेवेने गाण्यांची परस्पर देवाणघेवाण जगभर पसरवली. प्रताधिकाराच्या (स्वामित्वहक्काच्या) खटल्यांमुळे ती सेवा २००१ साली बंद पडली. ॲपल कंपनीने एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेत आयट्यून्स म्युझिक स्टोअर सुरू करून एकेक गाणे विकण्याची पद्धत रूढ केली. आरंभी या गाण्यांवर असलेले तांत्रिक कुलूप २००९ साली काढून टाकण्यात आले.

स्वीडनमधील स्पॉटिफाय ही सेवा २००८ साली सुरू झाली. गाणे विकत घेण्याऐवजी संपूर्ण संग्रह वर्गणीवर किंवा जाहिरातींसह ऐकण्याची रीत या प्रकारच्या सेवांनी सर्वत्र नेली. भारतात सावन (नंतरचे जिओसावन), गाना, विंक इत्यादी सेवा आधीपासून होत्या. स्पॉटिफाय व यूट्यूब म्युझिक २०१९ साली भारतात आल्या.

तांत्रिक स्वरूप

स्ट्रीमिंगमध्ये संपूर्ण गाणे एकदम न येता त्याचे लहान लहान तुकडे क्रमाने येतात. हे तुकडे उपकरणाच्या स्मृतीत थोडा वेळ साठवले जातात. म्हणूनच जोडणी क्षणभर तुटली तरी गाणे चालू राहते. ही साठवण तात्पुरती असते आणि तिला ऑफलाइन प्रत म्हणता येत नाही.

सशुल्क ग्राहक गाणे डाउनलोड करतो तेव्हा त्याची फाइल सांकेतिक स्वरूपात साठवली जाते. ती उघडण्याची किल्ली त्या ॲपकडे असते. इतर कोणत्याही वादकात ती फाइल वाजत नाही. ॲप ठरावीक मुदतीने सर्व्हरशी संपर्क साधून वर्गणी चालू आहे की नाही, याची खात्री करते. स्पॉटिफायच्या नियमानुसार ग्राहकाने ३० दिवसांतून किमान एकदा आंतरजालाशी जोडले जाणे आवश्यक असते, आणि एका उपकरणावर १०,००० पर्यंत गाणी, अशा ५ उपकरणांवर साठवता येतात. ऑफलाइन ऐकलेल्या गाण्यांची नोंद ॲपमध्ये राहते व जोडणी मिळताच ती सेवेकडे जाते. मानधनाचा हिशेब ऐकल्या गेलेल्या संख्येवर अवलंबून असल्याने ही नोंद कलावंतांच्या दृष्टीने महत्त्वाची असते.

साठवणुकीला लागणारी जागा ध्वनीच्या गुणवत्तेनुसार बदलते. ५ मिनिटांच्या गाण्यास ९६ किलोबिट प्रति सेकंद या दराने सुमारे ३.६ मेगाबाइट, १६० च्या दराने ६ मेगाबाइट आणि ३२० च्या दराने १२ मेगाबाइट जागा लागते. कॉम्पॅक्ट डिस्कवरील असंपीडित ध्वनीला तेवढ्याच कालावधीसाठी ५० मेगाबाइटांहून अधिक जागा लागते.

सेवांची धोरणे

जाहिरातींवर चालणाऱ्या मोफत श्रेणीत ऑफलाइन सोय सहसा नसते. उपकरण जोडलेले नसताना नवी जाहिरात दाखवता येत नाही आणि मोफत श्रेणीचे उत्पन्न तर जाहिरातींतूनच येते, हे त्याचे एक कारण होय. दुसरे कारण असे की, ऑफलाइन श्रवण ही वर्गणी भरण्यास प्रवृत्त करणारी प्रमुख सोय मानली जाते. स्पॉटिफायच्या मोफत श्रेणीत पॉडकास्ट डाउनलोड करता येतात, गाणी मात्र येत नाहीत. ॲपल म्युझिकमध्ये जाहिरातींवर चालणारी कायमस्वरूपी मोफत श्रेणीच नाही. यूट्यूबने डिसेंबर २०१४ मध्ये भारतातील प्रेक्षकांसाठी काही चित्रफिती विनामूल्य साठवून ४८ तासांपर्यंत पाहण्याची सोय सुरू केली होती.

सेवा बंद पडल्यास तिच्यातील डाउनलोडही निरुपयोगी होतात. गूगल प्ले म्युझिक २०२० साली, रेसो ही सेवा भारतात जानेवारी २०२४ अखेर आणि विंक म्युझिक २०२४ साली बंद करण्यात आली.

वर्गणीविना उपलब्ध असलेले वैध मार्ग

स्वतःचा संग्रह : घरात असलेल्या ध्वनितबकडीवरील (ऑडिओ सीडी) संगीत संगणकावर उतरवून मोबाइलमध्ये घेता येते. अशा तबकडीवर सहसा तांत्रिक कुलूप नसते. कॅसेट किंवा जुन्या ध्वनिमुद्रिकेसाठी वादकाचा ध्वनी तारेने संगणकात घेऊन ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरच्या साहाय्याने मुद्रित करतात. या कामास गाण्याच्या लांबीइतकाच वेळ लागतो. फाइल वाजवण्यासाठी व्हीएलसीसारखे मोफत वादक पुरेसे असते.

एकेक गाण्याची खरेदी : आयट्यून्स स्टोअर भारतात डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाले. तेथे किंवा बँडकॅम्पसारख्या संकेतस्थळावर विकत घेतलेल्या फाइलवर कुलूप नसते. बँडकॅम्पवर किंमत ठरवण्याचा अधिकार कलावंतास असतो. काही कलावंत 'इच्छेनुसार किंमत' ठेवतात आणि तेथे शून्य रक्कमही स्वीकारतात.

मुक्त परवान्याचे संगीत : क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे परवाने २००२ सालापासून वापरात आहेत. या परवान्यांखाली प्रसिद्ध केलेले संगीत परवान्याच्या अटी पाळून साठवता व इतरांना देता येते. बहुतेक परवान्यांत कर्त्याचा नामनिर्देश आवश्यक असतो. काहींत व्यापारी वापरास किंवा बदल करण्यास मनाई असते. फ्री म्युझिक आर्काइव्ह व म्युझोपेन ही संकेतस्थळे या संगीताची परिचित भांडारे होत. म्युझोपेनचा भर पाश्चात्त्य अभिजात संगीतावर आहे.

प्रताधिकारमुक्त संगीत : मुदत संपलेली ध्वनिमुद्रणे कोणासही साठवता येतात. इंटरनेट आर्काइव्हवर तबकड्यांच्या काळातील पुष्कळ मुद्रणे आहेत. मात्र एखादे मुद्रण संकेतस्थळावर आढळले एवढ्यावरून ते प्रताधिकारमुक्त ठरत नाही. त्या संस्थेच्या तबकडी-संग्रहाविरुद्ध ध्वनिमुद्रण कंपन्यांनी २०२३ साली अमेरिकेत दावा दाखल केला होता.

नभोवाणी : मोबाइलमध्ये एफएम ग्राहक असल्यास आंतरजालाविना आकाशवाणी व खासगी केंद्रे ऐकता येतात, हेडफोनची तार बहुधा आकाशकाचे (अँटेनाचे) काम करते. विविध भारती ही आकाशवाणीची सेवा ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. मोबाइलमधील एफएमची सोय निष्क्रिय करू नये, अशी सूचना केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये उत्पादकांच्या संघटनांना केली. आपल्या आवडीचे गाणे हवे तेव्हा ऐकता येत नाही, ही या मार्गाची मर्यादा होय.

आधीच गाणी भरलेली उपकरणे : सारेगामा कंपनीने २०१७ साली 'कारवाँ' हा नभोवाणी-संचासारखा दिसणारा वादक बाजारात आणला. त्यात सुमारे ५,००० जुनी हिंदी गाणी भरलेली होती. पुढे मराठी गीतांचा संचही आला. एकदाच किंमत मोजावी लागत असल्याने व ॲपची गरज नसल्याने हा वादक ज्येष्ठ श्रोत्यांत लोकप्रिय झाला.

भारतीय कायदा

भारतात या विषयास प्रताधिकार अधिनियम, १९५७ लागू होतो. एका गाण्यात अनेक स्वतंत्र हक्क एकत्र आलेले असतात : शब्दांचा, चालीचा, ध्वनिमुद्रणाचा आणि गायक-वादकांच्या सादरीकरणाचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. उदाहरणार्थ, १९५५ साली प्रकाशित झालेल्या मुद्रणाचा हक्क ३१ डिसेंबर २०१५ रोजी संपला. शब्द व चाल यांचा हक्क सर्वसाधारणपणे कर्त्याच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे असतो. सादरीकरणाच्या हक्काची मुदत ५० वर्षे आहे.

या मुदती वेगवेगळ्या असल्याने जुन्या मराठी संगीताची स्थिती गाण्यागणिक बदलते. 'संगीत स्वयंवर' (१९१६) या नाटकाचे लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे निधन १९४८ साली, तर संगीतकार भास्करबुवा बखले यांचे १९२२ साली झाले. त्यामुळे या नाटकातील पदांचे शब्द व चाली दोन्ही मुक्त आहेत, आणि बालगंधर्वांनी गायलेल्या त्यांच्या जुन्या तबकड्यांचीही मुदत संपलेली आहे. याउलट ग. दि. माडगूळकर यांचे निधन १९७७ साली झाल्याने त्यांच्या काव्याचा प्रताधिकार सर्वसाधारणपणे २०३७ अखेरपर्यंत, आणि २००२ साली निवर्तलेले सुधीर फडके यांच्या चालींचा २०६२ अखेरपर्यंत राहतो. संत तुकारामांच्या अभंगांचे शब्द कोणाच्याही मालकीचे नाहीत. मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संगीतकाराने त्यांना दिलेली चाल व तिचे ध्वनिमुद्रण संरक्षित असू शकते.

अधिनियमाच्या कलम ५२ नुसार खासगी वा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला न्याय्य व्यवहार हा हक्कभंग ठरत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर या तरतुदीत ध्वनिमुद्रणांचाही समावेश होतो. त्याच दुरुस्तीने कलम ६५अ जोडले गेले. हक्कभंगाच्या उद्देशाने तांत्रिक कुलूप तोडल्यास २ वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. याखेरीज संगीतसेवांच्या अटी हा ग्राहकाशी झालेला करार असतो. त्या मोडल्यास खाते बंद होऊ शकते.

डाउनलोडच्या स्वरूपाविषयी मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स इंडस्ट्रीज विरुद्ध विंक म्युझिक या प्रकरणात एप्रिल २०१९ मध्ये दिलेला आदेश महत्त्वाचा मानला जातो. वर्गणी असेपर्यंत वाजणारे डाउनलोड हे व्यापारी भाडेपट्ट्यासारखे, तर कायम राहणारे डाउनलोड हे विक्रीसारखे आहे, असा फरक न्यायालयाने केला. प्रसारकांसाठी असलेल्या कलम ३१ड मधील वैधानिक परवान्याचा लाभ आंतरजालावरील सेवांना मिळत नाही, असेही त्यात म्हटले होते. ग्राहकाच्या वैयक्तिक वापराचा बचाव व्यापारी सेवेला घेता येणार नाही, असा निष्कर्षही त्यात होता. खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये हा आदेश कायम ठेवला.

अवैध मार्ग व त्यांतील धोके

चालू प्रवाहातून गाणे वेगळे काढून फाइल बनवणारी संकेतस्थळे, वर्गणीची अट निष्प्रभ केलेली बनावट ॲप आणि दुकानातून शुल्क घेऊन मेमरी कार्डात भरून दिली जाणारी गाणी हे प्रचलित अवैध प्रकार होत. चित्रफितीतून गाणे काढून देणारे यूट्यूब-एमपी३ हे संकेतस्थळ ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या दाव्यानंतर २०१७ साली बंद झाले. भारतात जाणूनबुजून केलेल्या प्रताधिकारभंगास कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षे कारावास आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. बनावट ॲप अधिकृत भांडाराबाहेरून घ्यावी लागत असल्याने त्यांच्याबरोबर घातक सॉफ्टवेअर मोबाइलमध्ये शिरण्याचा व खासगी माहिती चोरीस जाण्याचा धोका असतो.

अशा प्रतींवरील श्रवणाची कोठेही नोंद होत नाही. त्यामुळे त्यातून गीतकार, संगीतकार व गायक यांना काहीच मिळत नाही.

इतर देशांतील स्थिती

खासगी प्रतीविषयी देशोदेशीचे कायदे भिन्न आहेत. जर्मनीने १९६५ साली घरगुती ध्वनिमुद्रणास मान्यता देऊन मुद्रणयंत्रांवर आकार बसवला व ती रक्कम हक्कधारकांना देण्याची व्यवस्था केली. युरोपातील अनेक देशांत अशी पद्धत आहे. भारतात असा आकार नाही. ब्रिटनने २०१४ साली स्वतःच्या तबकडीची वैयक्तिक प्रत करण्यास मुभा दिली होती. मात्र हक्कधारकांना भरपाईची तरतूद नसल्याच्या वादातून न्यायालयाने ती २०१५ साली रद्द केली. अमेरिकेत १९२३ पूर्वी प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी मुक्त झाली. म्हणून भारतात मुक्त असलेले एखादे मुद्रण परदेशी राहणाऱ्या मराठी श्रोत्याच्या देशात संरक्षित असू शकते.

जतनाचा प्रश्न

संगीतसेवेवरील गाणे हक्कधारकाशी झालेला करार संपताच तेथून नाहीसे होऊ शकते. लोकप्रिय चित्रपटगीते अनेक ठिकाणी उपलब्ध असल्याने त्यांचे फारसे बिघडत नाही. नाट्यसंगीत, लावणी, कीर्तन, भारूड यांची मर्यादित प्रतींत निघालेली मुद्रणे मात्र पुष्कळदा घरगुती व खासगी संग्रहांतच शिल्लक असतात. चुंबकीय फीत कालांतराने खराब होते आणि ती वाजवणारी यंत्रेही दुर्मीळ होत आहेत. अशा मुद्रणांचे वेळेवर संगणकीकरण करणे, फाइलसोबत गायक, गीतकार, संगीतकार, कंपनी व तबकडीचा क्रमांक नोंदवणे आणि किमान दोन ठिकाणी प्रती ठेवणे या गोष्टी जतनासाठी आवश्यक मानल्या जातात. प्रकाशनाचे वर्ष नोंदलेले असल्यास मुद्रणाचा हक्क केव्हा संपतो, हेही पुढील अभ्यासकास ठरवता येते.