दंडापासून मूळ कारणापर्यंत : सोलापुरातील सदोष मालाचा इतिहास

सोलापूरच्या औद्योगिक इतिहासाची मांडणी बहुधा 1860 साली आलेल्या रेल्वेपासून आणि 1877 साली सुरू झालेल्या, 'जुनी गिरणी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापड गिरणीपासून होते. परंतु किती चात्या फिरल्या आणि किती हात राबले यांविषयी जेवढे लिहिले गेले, त्या मानाने बिघडलेल्या मालाचे काय झाले आणि त्याचा जाब कोणाला द्यावा लागला, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. पुढे याच शहरात मोटारींचे सुटे भाग तयार होऊ लागले, तेव्हा हाच प्रश्न उद्योगाच्या केंद्रस्थानी आला, म्हणून त्याचा मागोवा घेणे अगत्याचे आहे.

मुंबई इलाख्यातील गिरण्यांत विणकाराला दोषासाठी दंड होत असे आणि अनेक ठिकाणी खराब झालेले कापड त्याच्याच माथी मारून त्याची किंमत मजुरीतून वळती केली जाई. वस्तुतः धागा तुटण्यामागे हलका कापूस, खळीचे कमी-अधिक प्रमाण, खात्यातील कोरडी हवा किंवा झिजलेला माग यांपैकी काहीही असू शकते. तरीही ज्याच्या मागावर दोष उमटला तोच दोषी, हे गृहीत धरले जाई. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली, कामगाराचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक केले आणि दंडाची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले. ही सुधारणा मोलाची होती, पण त्या वहीत कामगाराचे नाव येई. दोषाचे कारण शोधण्याची सक्ती तिच्यात नव्हती.

कारणाचा शोध घेणारे शास्त्र निराळ्या वाटेने आले. अमेरिकेत वॉल्टर शुहार्ट यांनी 1924 साली नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली. उत्पादनात नेहमी होणारे किरकोळ चढउतार आणि विशिष्ट कारणाने आलेला बिघाड यांतील फरक मोजमापांवरून ओळखण्याची ही रीत होय. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शुहार्ट 1947-48 च्या सुमारास भारतात आले आणि त्यानंतर संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाचा प्रसार देशातील कारखान्यांत, कापड गिरण्यांतही, सुरू झाला.

सोलापूरच्या मोठ्या गिरण्या मात्र एकामागोमाग एक बंद पडल्या. त्याच काळात, 1992 साली, यतिन शहा यांनी येथे प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी स्थापन केली आणि पुढे तिचा माल परदेशी मोटार कंपन्यांपर्यंत पोहोचला. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातील झडपा ठरलेल्या क्षणी उघडणारा, उंचवटे असलेला दांडा. तो बिडाचा ओतताना साच्यात उंचवट्यांच्या जागी 'चिल' नावाचे धातूचे तुकडे बसवतात. त्यांना भिडलेला रस झपाट्याने थिजल्याने तेथील कार्बन लोहाशी संयोग पावून अतिशय कठीण थर तयार होतो, तर दांड्याचा उरलेला भाग सावकाश निवल्याने त्यात कार्बन ग्राफाइटच्या रूपात राहतो आणि त्याचे यंत्रण करता येते. एकाच ओतीव तुकड्यात ही दोन रूपे साधणे हे या धंद्यातील खरे कसब आहे. कठीण थर उथळ राहिला किंवा आत वायूची पोकळी राहिली, तर ते वरून दिसेलच असे नाही. उंचवटा लवकर झिजतो आणि तक्रार उपस्थित होते ती हजारो किलोमीटर दूर, दुसऱ्याच्या इंजिनात.

अशा तक्रारींसाठी फोर्ड कंपनीने 1987 साली 'एट डी' ही आठ टप्प्यांची पद्धत लेखबद्ध केली. तिच्यानुसार संबंधित खात्यांची माणसे एकत्र बसतात, दोषाचे मोजमापांसह वर्णन करतात, आणि कारण सापडण्यापूर्वीच गोदामातला, वाटेतला व ग्राहकाकडचा संशयित माल बाजूला काढतात. यासाठी प्रत्येक तुकड्यावरील खुणेवरून तो कोणत्या दिवशीच्या, कोणत्या 'हीट'मधला, म्हणजे भट्टीतील रसाच्या कोणत्या घाण्यातला, हे सांगता यावे लागते. मग दोन स्वतंत्र प्रश्न येतात : दोष निर्माण का झाला, आणि तपासणीतून तो निसटला कसा? 'कामगाराचे दुर्लक्ष' एवढे उत्तर येथे पुरेसे मानले जात नाही. दुर्लक्ष होऊ शकेल अशी व्यवस्था का राहिली, हे पुढे विचारावे लागते. गिरणीतील दंडाच्या तुलनेत ही नैतिक प्रगतीही आहे, आणि तिची दखल केवळ तंत्राचा भाग म्हणून घेणे अन्यायाचे ठरेल.

1994 साली क्रायस्लर, फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी आपापल्या अटी एकत्र करून 'क्यूएस 9000' हे मानक आणले. 1999 साली 'आयएसओ टीएस 16949' आले आणि 2016 पासून त्याची जागा 'आयएटीएफ 16949' ने घेतली. या मानकांनी पुरवठादाराला त्याच्या स्वतःच्या पुरवठादारांच्या मालाबद्दलही उत्तरदायी धरले. त्यामुळे राळमिश्रित वाळू पुरवणाऱ्यापासून जॉबवर्क करणाऱ्या छोट्या वर्कशॉपपर्यंत प्रत्येकाला मोजमाप लिहून ठेवण्याची आणि ते मागितल्यावर दाखवण्याची सवय लावून घ्यावी लागली.