दिनविशेष, १३ एप्रिल : वीरा साथीदार यांचा स्मृतिदिन

‘कोर्ट’ चित्रपटातील लोकशाहीर नारायण कांबळे जगभर पोहोचवणारे वीरा साथीदार यांचे २०२१ मध्ये आजच्या दिवशी नागपूरच्या एम्समध्ये कोरोनाने निधन झाले. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती होती.

साथीदार मुळात कार्यकर्ते. आंबेडकरी चळवळीतले गायक, लेखक आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक, अशी नागपुरात त्यांची ओळख होती. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांनी ‘कोर्ट’साठी अनेक बिगर-व्यावसायिक चेहरे निवडले, त्यांत साथीदार अगदी चपखल बसले. चित्रपटाच्या सुरुवातीला कांबळे घरात मुलांची शिकवणी घेतो, मग बसने कार्यक्रमाला जातो, स्टेजवर गातो आणि तिथेच पोलीस त्याला ताब्यात घेतात. आरोप काय, तर त्याच्या गाण्यामुळे एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली! पुढे त्या कामगाराची बायको साक्षीत सांगते, की आत उतरण्याआधी तो गटारात दगड टाकून झुरळे बाहेर येतात का, ते पाहत असे. झुरळे जिवंत, म्हणजे आत हवा आहे. सुरक्षेचे दुसरे साधन त्याच्याकडे नव्हतेच.

या सगळ्यात साथीदारांचा कांबळे कुठेही आक्रस्ताळा होत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यातला त्याचा थकलेला, पण न वाकलेला चेहरा मराठी पडद्यावरच्या मोजक्या अस्सल चेहऱ्यांपैकी एक आहे.

‘कोर्ट’ला २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात पुरस्कार मिळाला, पाठोपाठ सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळही. २०१५ मध्ये भारताने ऑस्करसाठी हाच चित्रपट पाठवला.