सोनगडच्या डबीतलं शिसं

गेल्या दिवाळीनंतर सोनगडच्या पुढे, उच्छलच्या वाटेवरच्या एका कोकणा कुटुंबाकडे गेलो होतो. काम होतं जुन्या जमिनीच्या कागदांचं. हा सगळा मुलूख बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होता, त्यामुळे गायकवाडी शिक्क्याचे कागद अशा घरांतून अजून मिळतात. कागद बघून झाले, चहा झाला, आणि घरातले ऐंशीच्या घरातले काका आतून तंबाखूची एक गंजलेली डबी घेऊन आले. आत चिंधीत गुंडाळलेला शिशाचा गोळा. एका बाजूने गोल, दुसऱ्या बाजूने चेपलेला, आवळा दगडावर आपटावा तसा.

काकांची हकीगत अशी. त्यांचे पणजोबा हाक्याला जायचे. हाका म्हणजे ढोल, डबे बडवत, ओरडत रान उठवायचं आणि जनावर शिकाऱ्यापुढे आणायचं. एकदा कोणी गोरा साहेब हत्तीवरून शिकारीला आला. पहिली गोळी वाघाच्या खांद्यावर बसली, पण वाघ पडला नाही. तो उलटा फिरला आणि हाकेवाल्यांच्या रांगेत शिरला. पणजोबा त्याच्या खाली सापडले. साहेबाने हत्ती जवळ आणला आणि वरून ‘छोटी बंदूक’ झाडली. वाघ मेला, पणजोबा वाचले, डावा हात मात्र कायमचा गेला. कातडं सोलताना खांद्यात शिशाचा नुसता भुगा निघाला आणि मानेच्या हाडात हा गोळा. भुगा कोण ठेवणार? गोळा पणजोबांनी मागून घेतला.

घरातला एक शिकलेला पुतण्या यावर हसला. म्हणाला, “पिस्तुलाने कुठे वाघ मरतो का? आजोबा वाढवून सांगत असणार.” काका गप्प बसले. मला ते खटकलं. तीस वर्षं कापडाच्या मशिनरीत काढलेला माणूस मी. कोणी सांगतो म्हणून मी मान्य करत नाही, पण न मोजता हसूही नये असं मला वाटतं. डबी चार दिवसांसाठी मागून सुरतला आणली.

सुरतेत वजनाच्या काट्याला तोटा नाही. ओळखीच्या हिऱ्याच्या कारखान्यात गोळा काट्यावर ठेवला. १३८ कॅरेट. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजे २७.६ ग्रॅम. चेपलेल्या बाजूची रुंदी व्हर्नियरने मोजली, २१ मिलिमीटर.

आता ‘बोअर’ हा शब्द बघा. बारा बोअरची बंदूक सगळ्यांनी ऐकलेली असते, पण बारा कशाचे? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोल गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्या नळीत नेमकी बसते ती बारा बोअर. सोळा केल्या तर सोळा बोअर. पौंड ४५३.६ ग्रॅमचा, त्याचा सोळावा हिस्सा २८.३५ ग्रॅम, व्यास सुमारे १६.८ मिलिमीटर. आमचा गोळा थोडं शिसं हाडात सोडून आलेला, म्हणजे सोळा बोअरच्या अगदी जवळ. हौद्यातल्या शिकाऱ्यांसाठी विलायतेत जी दोन नळ्यांची जाडजूड पिस्तुलं बनत, ज्यांना ‘हौदा पिस्तूल’च म्हणत, त्यांत सोळा आणि वीस बोअर नेहमीचे. वाघ हत्तीच्या मस्तकावर चढलाच तर हातभर अंतरावरून झाडायचं हे हत्यार.

पण सोळा बोअरच्या लांब बंदुकाही ढिगाने होत्या. नुसत्या वजनावरून निकाल लागत नाही. त्यासाठी गोळी आत गेल्यावर काय करते ते समजून घ्यावं लागतं.

गोळीपुढे दोनच कामं असतात, फुलणं आणि घुसणं. शिसं मऊ, जोरात आपटलं की पसरतं. पसरलं की जखम रुंद होते, पण पुढे ढकलायचा पृष्ठभागही वाढतो आणि गोळी लवकर थांबते. वजन भागिले समोरचं क्षेत्रफळ, या एका आकड्यावर घुसणं बरंचसं अवलंबून असतं. खिळा आणि रुपयाचं नाणं समजा एकाच वजनाचे आहेत. लाकडात काय जाईल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

गोल गोळीची अडचण ही की तिचा हा आकडा वाढवायचा तर व्यासच वाढवावा लागतो. म्हणून हत्ती-गव्यासाठी आठ बोअर, चार बोअर असल्या खांदा उखडणाऱ्या बंदुका निघाल्या. आपल्या तापीच्या काठाने वर जात राहिलं की खानदेश लागतो, मग निमाड. खानदेशात जेम्स आउट्रमने १८२५ नंतरच्या दहा वर्षांत भिल्ल पलटण उभी केली आणि जोडीला वाघांची जी कत्तल केली, ती याच गोल गोळीच्या जमान्यातली. निमाडात काम केलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथने १८६३ मध्ये शिकारी रायफलवर पुस्तक लिहिलं. त्यातही पसंती मोठ्या व्यासाच्या गोल गोळीलाच आहे, भरपूर दारू घालून, नळीला कमी पिळाचे आटे देऊन.

तोवर विलायतेत वारं फिरलं होतं. १८५६ च्या सुमारास पर्डीने ‘एक्स्प्रेस’ नावाने रायफल आणली. नाव आगगाडीवरून. हलकी लांबट गोळी, दारू जास्त, वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या पुढे. पुढे हिच्या गोळीचं टोक पोकळ करू लागले. हरणाला लागली की आत फुलायची आणि हरीण जागीच बसायचं. शिकारी खूश. मग हीच गोळी वाघाच्या खांद्यावर मारायला लागले. तिथे जाड हाड आणि घट्ट स्नायू. वेग जास्त, टोक पोकळ, शिसं मऊ, त्यामुळे गोळी खांद्यातच फुटून तुकडे व्हायची. बाहेरून जखम भयंकर, फुप्फुसापर्यंत मात्र काही पोचलेलं नाही. सॅम्युअल बेकरने १८९० च्या आपल्या पुस्तकात या पोकळ गोळीवर सडकून टीका केली आहे. त्याची पसंती ५७७ च्या रायफलीला, ६४८ ग्रेन म्हणजे ४२ ग्रॅम वजनाच्या, शुद्ध शिशाच्या भरीव गोळीला. ती फुलावी, पण अखंड राहावी, आणि पार होऊन पलीकडच्या कातड्याखाली अडकावी.

हे गणित करून बघितलं. १४.७ मिलिमीटरची ती गोळी फुलून इंचभर झाली, तर वजन-क्षेत्रफळाचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २५ ग्रॅमवरून साडेआठच्याही खाली येतो. म्हणजे एक तृतीयांश. अखंड ४२ ग्रॅम असताना ही अवस्था. गोळीचे दहा तुकडे झाले तर प्रत्येकाकडे काय उरणार?

शिकारीच्या पुस्तकांत अशा गोळीनंतरची गोष्ट बहुतेक एका वाक्यात उरकलेली असते. जखमी वाघ झुडपात गेला, माणसं माग काढायला पाठवली. साहेब हत्तीवर किंवा मचाणावर, आणि ती माणसं पायी, हातात काठी-कुऱ्हाड. पोकळ टोकाची चूक फेडायची कोणी, तर त्यांनी. साहेबाचं नाव, रायफलचं माप, वाघाची लांबी इंचापर्यंत दिलेली असते. हाकेवाल्याचं नाव मला क्वचितच सापडलंय.

आता पिस्तुलाकडे. आखूड नळीत दारूला ढकलायला अंतर कमी मिळतं, वेग सेकंदाला अडीचशे मीटरच्या आतच राहतो. निम्मा वेग म्हणजे पाव ऊर्जा. इतक्या कमी वेगात गोळी फुलवायच्या नादाला लागण्यात अर्थ नव्हता, आणि हौदा पिस्तूल बनवणाऱ्यांना ते कळलेलं दिसतं. त्यांनी गोळी आधीच रुंद आणि जड ठेवली. फुलण्यावर भिस्त नाही, त्यामुळे जी काही थोडी ऊर्जा आहे ती घुसण्यात जाते. हातभर अंतरावरून मानेचं किंवा कवटीचं हाड फोडायला तेवढी पुरते.

अमेरिकेत विसाव्या शतकात पिस्तुलाने शिकार करणारे याच वळणावर आले. १९५५ मध्ये ४४ मॅग्नम आली. तिच्यामागे ज्याचा आग्रह होता त्या एल्मर कीथची स्वतःची गोळी चपट्या टोकाची, कडक शिशाची होती. हरणाला पोकळ टोक चालतं, अस्वलाला भरीव आणि कडक, असंच तिथले शिकारी आजही म्हणतात.

आमचा गोळा १६.८ वरून २१ मिलिमीटर झाला, म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम दीडपट. मानेच्या हाडावर आपटूनही एवढंच. मऊ शिशाची गोळी लांब बंदुकीतून, भरपूर दारूवर, जवळून झाडली असती तर कितीतरी जास्त चेपली असती. खूप लांबून मारली असती तर वेग उतरून असं झालं असतं, पण अंगावर माणूस असलेल्या वाघावर लांबून कोण गोळी झाडेल? शिवाय खांद्यातला तो भुगा. पोकळ एक्स्प्रेस गोळीची ही खूण उच्छलच्या शेतकऱ्याला रचून सांगायची काय गरज? माझ्या मते ‘छोटी बंदूक’ खरी आहे.

इथे थांबता आलं असतं, पण वाचताना एक गोष्ट सापडली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेनंतर इंग्रज फौजेची तक्रार होती की ३०३ ची नवी, पूर्ण कवचाची गोळी माणसातून सरळ पार जाते, तो थांबत नाही. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकाकडचं कवच काढून शिसं उघडं ठेवलं. ती डमडम गोळी. १८९८ मध्ये वेब्ली रिव्हॉल्वरसाठीही पोकळ तोंडाची गोळी निघाली. त्या काळच्या इंग्रज वैद्यकीय लिखाणात एका लष्करी डॉक्टरचं मत छापलेलं आहे, की रानटी माणूस वाघासारखा असतो, जखमी झाला तरी लढत राहतो. १८९९ च्या हेग परिषदेत सर जॉन आर्डा यांनी याच धर्तीवर बाजू मांडली. परिषदेने २९ जुलै १८९९ ला फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा केला. इंग्लंडने तो मानला १९०७ मध्ये. म्हणजे रानात वाघासाठी मांडलेला हिशेब सरहद्दीवरच्या पठाणाला लावला गेला, आणि त्यासाठी आधी त्याला वाघ ठरवावं लागलं.

डबी परत द्यायला गेलो तेव्हा पुतण्या घरी होता. त्याला व्हर्नियर दाखवला, आकडे कागदावर मांडून दिले. त्याने तो कागद दोनदा वाचला. काकांनी काही वाचलं नाही. त्यांनी गोळा चिंधीत गुंडाळला आणि एवढंच विचारलं, “पणजोबांचं नाव लिहिणार का तुम्ही?” घरच्यांशी बोलून सांगा म्हटलं. अजून घरात एकमत झालेलं नाही, म्हणून या लेखात ते नाव नाही.